अँटी-डम्पिंगचा अर्ज करण्याआधी कारखान्यात काय तयार ठेवायचं

"ताई, चायनाचा माल आमच्या कच्च्या मालाच्या भावात येतोय, काहीतरी करा." तारापूर, रोहा, लोटे-परशुराम इथल्या रसायनवाल्यांचे असे फोन मला सतत येतात. मी ठाण्यात कॉस्ट अकाउंटंट आहे, आणि अँटी-डम्पिंगच्या अर्जासाठी, म्हणजे परदेशी माल त्याच्या घरच्या भावापेक्षा स्वस्तात इथे येत असेल तर त्यावर जादा ड्युटी (आयात शुल्क) लावा या मागणीसाठी, खर्चाचे तक्ते तयार करणं हे माझं काम. वकील दिल्लीत बाजू मांडतात. ती बाजू उभी राहते ती मात्र तुमच्या स्टोअरच्या नोंदींवर, लॉगबुकवर आणि कॉस्ट शीटवर. म्हणून ही तयारी वकील गाठायच्या आधी करा.

पहिली गोष्ट: नुसता स्वस्त माल म्हणजे डम्पिंग नव्हे. कोरियातला कारखाना एखादं रसायन स्वतःच्या देशात किलोला १८० रुपयांना विकत असेल आणि भारतालाही कारखान्याच्या दारात त्याच भावानं देत असेल, तर तुमचा खर्च २०० असला तरी कायदा मदतीला येत नाही. निर्यातीचा भाव घरच्या भावापेक्षा, म्हणजे सामान्य मूल्यापेक्षा, कमी हवा. तुमचं नुकसान दिसायला हवं. आणि ते नुकसान त्याच मालामुळे झालं हेही दाखवता यायला हवं. यातलं एक जरी नसेल तरी अर्ज टिकत नाही. चीनच्या बाबतीत तिथला घरचा भाव आपल्याकडे सहसा ग्राह्य धरत नाहीत; तिथला निर्यातदार बाजारभावानंच चालतो हे त्यानं सिद्ध केलं नाही, तर सामान्य मूल्य दुसऱ्या मार्गानं, बहुतेक वेळा भारतातल्या खर्चाच्या आधारे, काढलं जातं.

हे सगळं कस्टम्स टॅरिफ ॲक्ट १९७५ च्या कलम ९ए आणि १९९५ च्या नियमांखाली चालतं. चौकशी करते वाणिज्य मंत्रालयाची डीजीटीआर (डायरेक्टोरेट जनरल ऑफ ट्रेड रेमेडीज), दिल्लीत संसद मार्गावरच्या जीवन तारा इमारतीत. २०१८ पर्यंत हे काम डीजीएडी या नावानं चालायचं, त्यामुळे जुन्या आदेशांवर ते नाव दिसेल.

आता अर्ज करायचा हक्क तुम्हाला आहे का ते बघा. अर्जाला पाठिंबा देणाऱ्या कारखान्यांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवं, आणि बाजूनं किंवा विरोधात मत दिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त उत्पादन बाजूनं हवं. म्हणजे गुजरातमधल्या तुमच्या प्रतिस्पर्ध्याशी आधी बोलावं लागतं. ज्याच्याशी रोज भावावरून भांडता, त्याच्यासोबत एका अर्जावर सही करायची असते. हा फोन मालकानं स्वतः करावा, मॅनेजरवर सोडू नये. आणखी एक अडचण मी वारंवार पाहते. स्वतःचा प्लांट परवडेना म्हणून मालक तोच माल बाहेरून आणून विकायला लागतो. माणूस म्हणून मला ते समजतं, पण आयात करणाऱ्या उत्पादकाला 'देशी उद्योगा'तून वगळता येतं. अर्जाचा विचार मनात असेल तर अशी आयात करण्याआधी सल्ला घ्या.

मालाची व्याख्या तांत्रिक माणसाला सोबत घेऊन लिहा. एचएस कोड, म्हणजे कस्टम्समधला मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, फक्त दिशा दाखवतो. खरी व्याख्या शुद्धता, ग्रेड आणि वापर यांतून होते. जे ग्रेड तुम्ही बनवतच नाही ते व्याख्येत ओढलंत, तर वापरणारे उद्योग सुनावणीत नेमकं तिथेच बोट ठेवतात, आणि त्यांचं बरोबरही असतं.

आकडे लागतात चौकशीच्या काळाचे, सहसा १२ महिन्यांचे, आणि त्याआधीच्या ३ वर्षांचे. क्षमता, उत्पादन, विक्री, साठा, कामगार, पगार, नफा, रोख, गुंतवणुकीवरचा परतावा. प्लांटमध्ये चार उत्पादनं निघत असतील तर वीज, वाफ, पगार कोणत्या आधारावर वाटले ते लिहून ठेवा, आणि तोच आधार चारही वर्षं पाळा. मधेच आधार बदलला की पडताळणीला आलेला अधिकारी पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

सर्वात जास्त गैरसमज आहे तो नॉन-इन्ज्युरियस प्राइसबद्दल. सगळे एनआयपी म्हणतात. कोणत्या भावाला विकलं असतं तर तुमचं नुकसान झालं नसतं, तो हा भाव. तो तुमच्या प्रत्यक्ष खर्चावर जसाच्या तसा ठरत नाही. कच्चा माल आणि वीज-वाफ यांचा वापर तुमच्या त्या चार वर्षांतल्या सर्वांत चांगल्या कामगिरीनुसार धरतात, क्षमतेचा वापरही तसाच, आणि वर गुंतलेल्या भांडवलावर वाजवी परतावा देतात. प्रथेनं तो २२ टक्के असतो.

समजा, प्लांट ५५ टक्के चालल्यामुळे तुमचा प्रत्यक्ष खर्च किलोला २०० रुपये आहे. पण मागे एका वर्षी तो ८० टक्के चालला होता. त्या हिशेबानं स्थिर खर्च जास्त किलोंवर वाटला जातो आणि परतावा धरूनही एनआयपी १८५ येते. आयात माल सीमाशुल्क धरून १६२ ला पोचतो. म्हणजे नुकसानीचं मार्जिन २३ रुपये. दुसरीकडे सामान्य मूल्य १८०, निर्यातदाराच्या कारखान्यातला भाव १३८, म्हणून डम्पिंगचं मार्जिन ४२. भारतात या दोन मार्जिनांपैकी जे कमी असेल तेवढ्याच ड्युटीची शिफारस होते. इथे २३. मालकाच्या डोक्यात ४२ असतो, म्हणून हा हिशेब मी अर्जाआधीच कागदावर मांडून दाखवते. २३ रुपयांनी धंदा सावरणार नसेल, तर खर्च कुठे वाढतोय ते आधी शोधावं लागेल.

कार्यकारणासाठी पुरावे रोजच्या रोज साठवा. ग्राहकाच्या खरेदी विभागाचे 'बाहेरचा माल इतक्याला मिळतोय, तुम्ही किती कमी कराल' असे ईमेल आणि व्हॉट्सॲप मेसेज तारखेसकट जपा. बॉयलर बंद, पाण्याची कपात, संप यांची नोंद प्रामाणिकपणे ठेवा, कारण त्यामुळे झालेलं नुकसान आयातीच्या खात्यात टाकता येत नाही. लपवलंत तर विजेच्या बिलातून ते दिसतंच.

प्रत्येक कागदाच्या दोन प्रती लागतात, एक गोपनीय आणि एक सर्वांसाठी. सार्वजनिक प्रतीत आकडे झाकले तरी कल दिसावा म्हणून पहिल्या वर्षाला १०० धरून निर्देशांक द्यायचे असतात. सगळंच काळं करून पाठवू नका. समोरच्याला उत्तर देता आलं पाहिजे, आणि तुम्हालाही त्याची कागदपत्रं तशीच वाचायची आहेत.

त्यापुढचा क्रम असा: चौकशी सुरू झाल्याची सूचना, प्रश्नावल्या, तोंडी सुनावणी, लेखी म्हणणं, पडताळणी, डिस्क्लोजर स्टेटमेंट (निष्कर्षाआधी डीजीटीआर विचारात घेतलेली तथ्यं सर्वांपुढे ठेवते ते निवेदन), अंतिम निष्कर्ष. मुदत एक वर्षाची, वाढवून १८ महिने. डम्पिंग मार्जिन २ टक्क्यांहून कमी निघालं तर चौकशी तिथेच थांबते. एखाद्या देशाचा वाटा एकूण आयातीच्या ३ टक्क्यांहून कमी असेल तर तो देशही सहसा सुटतो. मात्र असे छोटे देश मिळून ७ टक्क्यांच्या वर जात असतील तर सुटत नाहीत.

शिफारस हातात आली म्हणून बँकेला नवे अंदाज देऊ नका. ड्युटी लावायची की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं, आणि गेल्या काही वर्षांत अनेक शिफारशी तिथे स्वीकारल्या गेलेल्या नाहीत. लहान कारखान्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण त्यांच्यासाठी सल्लागाराची फी हाच मोठा खर्च असतो. डीजीटीआरचा हेल्प डेस्क आहे. पहिला मसुदा घेऊन आधी तिथे बोला.

ड्युटी लागली की ती साधारण ५ वर्षं चालते. त्या काळात आयातीचे आकडे दर महिन्याला पाहत राहा: माल अचानक तिसऱ्या देशातून येतोय का, किंचित बदललेल्या ग्रेडच्या नावानं येतोय का. तसं दिसलं तर वळसा घालून ड्युटी चुकवण्याविरुद्ध वेगळा अर्ज करता येतो. आणि मुदत संपण्याच्या बरेच महिने आधी सनसेट रिव्ह्यूचे, म्हणजे ड्युटी पुढे चालू ठेवायची का हे ठरवणाऱ्या फेरतपासणीचे, तक्ते भरायला घ्या, कारण त्यालाही चार वर्षांचे तेच सगळे आकडे लागतात.