बर्गंडीची पिनो न्वार: चाखावी कशी, कशाबरोबर घ्यावी

पिनो न्वार या द्राक्षाची रेड वाइन ग्लासात ओतल्यावर इतकी फिकी दिसते की पहिल्यांदा घेणाऱ्याला ती पाणचट वाटते. या द्राक्षाची साल पातळ, त्यामुळे रंगही कमी उतरतो आणि तुरटपणा आणणारं टॅनिनही. रंगावरून हिचा दर्जा ठरवू नका. हिची गंमत वासात आणि आंबटपणात आहे, आणि तापमान चुकलं की नेमक्या याच दोन गोष्टी बिघडतात.

बाटली निवडताना. पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडीच्या लेबलवर द्राक्षाचं नाव बऱ्याचदा नसतं, गावाचं किंवा मळ्याचं असतं. नुसतं 'बूर्गोन्य' (बर्गंडीचं फ्रेंच नाव) ही खालची पायरी, त्यावर गावाच्या नावाची वाइन, मग 'प्रमिए क्रू' आणि सर्वांत वर 'ग्रां क्रू'. शिकायला गावाची पायरी उत्तम. व्होल्ने आणि पोमार ही गावं एकमेकांना लागून आहेत, पण व्होल्नेची वाइन सहसा नाजूक आणि पोमारची जास्त तुरट. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या तर जमिनीचा फरक म्हणजे काय ते जिभेला कळतं. लेबलवर शेजारच्या 'बोजोले' भागाचं नाव असेल तर आतली लाल वाइन पिनो न्वारची नव्हे, गामे द्राक्षाची असते.

तापमान 14 ते 16 अंश. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. नागपूरच्या मे महिन्यात तो पाळला तर फक्त अल्कोहोलचा भपका येईल. 30 अंशांवरची बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी मिसळून 12 ते 15 मिनिटं बुडवा. नुसता बर्फ बाटलीला सगळीकडून टेकत नाही, म्हणून पाणी हवंच. जास्त गार झाली तर वास मिटतो आणि तुरटपणा वर येतो, पण ग्लास दोन्ही तळहातांत धरला की पाचेक मिनिटांत ती खुलते. तेव्हा चूक करायचीच तर गारव्याच्या बाजूने करा.

ओतणं. पोटाशी रुंद, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. चाखायला 50 मिली पुरे, जेवणाबरोबर 120. कोवळी वाइन अर्धा तास आधी उघडून जगमध्ये ओतली तरी चालते. पंधरा-वीस वर्षांची असेल तर मात्र तास-तासभर उघडी ठेवू नका, तिचा वास उडून जातो. अशी बाटली आदल्या दिवशी उभी करा, सावकाश ओता आणि गाळ मानेशी आला की थांबा.

वास, मग घोट. आधी ग्लास न हलवता हुंगा, मग फिरवून. कोवळ्या वाइनला चेरी, रासबेरीचा वास असतो, तर मुरलेलीला ओली माती, अळंबी, पालापाचोळा. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच खराब आहे. हवा लावून तो जात नाही, बाटली परत करा. घोट पाच-सहा सेकंद तोंडात घोळवा. गालांच्या आत पाणी सुटतं तो आंबटपणा, हिरड्या कोरड्या पडतात तो तुरटपणा.

जोडीला काय? आंबटपणा स्निग्धता कापतो, म्हणून चरबीदार बदक हिची हुकमी जोडी. लोण्यावर परतलेली अळंबीही तितकीच छान, खास करून मुरलेल्या वाइनबरोबर. बर्गंडीचाच 'बफ बूर्गिन्यों', म्हणजे वाइनमध्ये तीन तास मंद शिजवलेलं बीफ, यालाही हीच लागते. त्यात साधी 'बूर्गोन्य' घाला, भारी बाटली पातेल्यात ओतणं निव्वळ उधळपट्टी. चीजमध्ये तिथले लोक एप्वासचं नाव घेतात, पण त्याच्या उग्र दर्पापुढे नाजूक वाइन दबते. कोंते नावाचं चीज जास्त जुळतं.

माशांत भाजलेला सॅमन चालतो, बांगडा नको, अशा उग्र वासाच्या तेलकट माशाबरोबर रेड वाइनला हिवसपणा येतो. तांबडा रस्सा तर नकोच: तिखटाने अल्कोहोल जाळतं आणि फळाची चव गायब होते. आपल्या जेवणातलं जोडायचं तर कमी तिखट, मिरीवर केलेलं भाजलेलं चिकन घ्या. चिंच आणि गूळ टाळा, गोडापुढे ही वाइन नुसती आंबट लागते.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.