बॅटरीची व्हीलचेअर आणि विमान: आधी कागद, मग तिकीट

बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घेऊन विमानाने जायचं असेल तर तिकिटाच्याही आधी बॅटरीचा कागद मिळवा. त्यावर बॅटरीचा प्रकार आणि वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते ते), दोन्ही स्पष्ट छापलेलं हवं. मागच्या वेळी माझ्याकडे बाकी सगळं होतं, हा कागद नव्हता. बॅटरीवरचं लेबल झिजलेलं, काउंटरवर कुणी माझ्या शब्दावर विश्वास ठेवेना, आणि विमान मला न घेता गेलं.

वॉट-अवर काढायचे तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८. घडीच्या खुर्चीची लिथियम बॅटरी निघत असेल तर ती काढून केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवावी लागते. एकच असेल तर मर्यादा ३००, दोन असतील तर प्रत्येकी १६०. म्हणजे २४ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची निघणारी बॅटरी यात बसत नाही. खुर्ची विकत घेतानाच हे विचारा, दुकानदार आपणहून सांगत नाहीत. खुर्चीत पक्की बसवलेली बॅटरी खुर्चीसोबत सामानात जाते, जेल बॅटरीचे नियम आणखी निराळे. प्रकार कुठलाही असो, विमान कंपनीला आधी विचारायचंच, आणि ती पहिल्यांदा मागणार बॅटरीचा कागद. उत्पादकाकडून लेटरहेडवर घ्या. दोन प्रती छापा: एक खुर्चीला बांधा, एक हातातल्या पिशवीत. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.

तिकीट झालं की निदान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं, आणि ईमेलनेच. फोनवरचं “हो मॅडम, नोंद केली” काउंटरवर कुणालाच दिसत नाही. खुर्चीची मापं आणि वजन लिहा, बॅटरीचा कागद जोडा (हो, इथेही). मदतीचा कोड नीट टाकून घ्या. पायऱ्या चढता येत नाहीत पण आत थोडं चालता येतं त्यांना डब्ल्यूसीएचएस. अजिबात चालता येत नाही त्यांना डब्ल्यूसीएचसी, म्हणजे अरुंद आयल चेअरवरून थेट सीटपर्यंत. चुकीचा कोड पडला तर ती आयल चेअर दारात नसतेच. छोट्या गावांची एटीआर (पंख्याची छोटी) विमानं एरोब्रिजला लागत नाहीत, त्यामुळे ॲम्बुलिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत वर नेणारी गाडी, आहे का ते लेखी विचारा. “चौघं उचलून नेऊ” हे उत्तर स्वीकारू नका, पाठीला इजा होते.

स्वतःची खुर्ची गेटपर्यंत न्यायची आहे, हेही त्याच ईमेलमध्ये. विमानतळाच्या खुर्चीत तासभर बसलं की मणक्याचा आजार असलेल्यांचे हाल होतात. कुशन आणि जॉयस्टिक काढून जवळ ठेवा. कुशन विमानाच्या सीटवर घाला, बेडसोर (सतत दाबाने होणारी जखम) एका प्रवासात होऊ शकतो. खुर्चीचे चारही बाजूंनी फोटो.

डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियमही छापून घ्या. २०२२च्या दुरुस्तीनंतर केवळ अपंगत्वामुळे प्रवास नाकारता येत नाही. तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासायला हवं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये कोलकात्यात विमानातून उतरवलं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला त्यांना १० लाखांची भरपाई द्यायला लावली. हा निकाल ठाऊक असला की काउंटरसमोर आवाज खाली जात नाही.

विमानातलं टॉयलेट बहुतेकांना वापरताच येत नाही. कॅथेटर किंवा डायपर घ्या. पाणी मात्र बंद करू नका, लघवीचा संसर्ग परवडत नाही. औषधं केबिनमध्ये.

निघण्याच्या रात्री पिशवी उघडून बॅटरीचा कागद हात लावून बघा.

उतरताना खुर्ची विमानाच्या दारात मागा, सामानाच्या पट्ट्यावर नको. तिथेच चालवून बघा. मोडतोड दिसली तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार आणि तिची प्रत, नंतर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर. परतीची कंपनी वेगळी असेल तर तिला वेगळा ईमेल, तिचेही ४८ तास.