पोटात फायब्रॉइड असेल तर पायांकडेही बघा

सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, निघाला आणि डॉक्टर म्हणाले, 'कॅन्सरचं काही नाही', की बाई सुटकेचा निःश्वास टाकते आणि पुढचं सगळं अंगावर काढते. परळला स्त्रीरोग वॉर्डात सिस्टर म्हणून काम करताना हे मी सतत बघते. गाठ साधीच असते, पण मोठी झाली की पायांकडून वर येणाऱ्या शिरा ओटीपोटात दाबल्या जातात. रक्त तुंबतं, पोटरीत किंवा मांडीत गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

लहान फायब्रॉइडने सहसा असं होत नाही. गर्भपिशवी वाढून बेंबीपर्यंत आली असेल किंवा अंडाशयाची मोठी गाठ असेल, तर मात्र लक्ष ठेवा.

एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलाय, पोटरी दुखते, कातडी गरम किंवा लालसर वाटते? शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून १० सेंमी खाली पेनाने खूण करा आणि दोन्ही पोटऱ्या मोजा. ३ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, कलर डॉप्लर, म्हणजे शिरांमधलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. फरक कमी आला तरी दुखणं-सूज असेल तर दाखवाच. बऱ्याचदा डावाच पाय असतो, कारण डाव्या पायाची मोठी शीर पोटात उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते. आणि कळकळीने सांगते, असा पाय तेल लावून चोळू नका. सासूबाई, शेजारीण, कोणीही प्रेमाने चोळायला बसली तरी नाही म्हणा. गुठळी जागची हलू शकते.

दादरचा पूल चढताना धाप लागते, त्याला बायका 'हिमोग्लोबिन कमी आहे' म्हणून सोडून देतात. अंगावरून फार जाणाऱ्या बाईचं ते कमी असतंही. पण ती धाप हळूहळू वाढत गेलेली असते. एकाएकी, बसल्या जागी दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन पडलात, तर १०८ ला फोन करा. लोकलने जायचं नाही.

गौरी-गणपती आले की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणल्या जातात. त्यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. ते मोठ्या डोसमध्ये घेतलं की त्यातल्या थोड्या भागाचं शरीरात इस्ट्रोजेन हे हार्मोन होतं, आणि इस्ट्रोजेनने रक्त गोठायचा धोका वाढतो. मोठा फायब्रॉइड असताना हा धोका त्यात आणखी भर घालतो. गौरी बसवताना पाळी आली तर येऊ दे, असं माझं स्पष्ट मत आहे. डॉक्टरांनी रक्तस्रावासाठी दिलेल्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. आधी कधी गुठळी झाली होती का, आई-बहिणीला झाली होती का, वारंवार गर्भपात झालेत का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. रक्तस्राव थांबवायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांआधीही हे सांगायला हवं.

पिशवी किंवा गाठ काढायचं ऑपरेशन ठरलं की विचारा, 'गुठळी होऊ नये म्हणून मला इंजेक्शन लागेल का? पायात घट्ट मोजे (स्टॉकिंग्ज) घालायचे का?' ऑपरेशननंतर पलंगावर पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवत राहा आणि सिस्टर उठवायला आली की उठा. टाके दुखतात, कळतं मला. एका हाताने पोटावर उशी धरली की उठणं सोपं जातं. घरी गेल्यावर खरी पंचाईत होते. माणसं मायेने पाणीसुद्धा हातात देतात, बाई दिवसभर झोपून. धोका पुढचे काही आठवडे राहतो, म्हणून दर दोनेक तासांनी घरातल्या घरात फेऱ्या मारा, चाळीच्या गॅलरीत मारा, आणि बाथरूमला सारखं जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका.

गुठळी निघाली आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या की पाळीत जास्त जातं. तासाला एक पॅड भिजून सलग दोन तास गेले तर कॅज्युअल्टीत जा, पण गोळी स्वतःहून सोडू नका. पोटात दुखलं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही विचारल्याशिवाय घेऊ नका.