कोचला शिव्या घाला, पण वही भरून

मुलगा कॉलेजच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, म्हणून आम्ही अमेरिकन फुटबॉल बघायला स्टेडियममध्ये जायला लागलो. पहिल्या वर्षी मी हाफटाइम कधी होतोय तेवढंच बघायचे. आता चौथा सीझन आहे आणि दर शनिवारी माझा घसा बसतो. कारण आमचा कोच. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. थर्ड डाउनला दोन यार्ड हवे असताना लांब पास, आणि अकरा हवे असताना गर्दीतून रन, म्हणजे बॉल घेऊन पळणं! आजूबाजूचे सगळे ओरडतात, मीही ओरडते. पण गेल्या वर्षीपासून वही नेते. माझ्या शिव्या तेव्हापासून नेमक्या जागी पडतात.

प्रत्येक प्ले, म्हणजे एकेक चाल, लिहायला जाऊ नका. पहिल्याच मॅचला मी तो मूर्खपणा केला आणि मान वर करून खेळ बघितलाच नाही. फक्त फर्स्ट डाउनचे प्ले लिहा. थर्ड डाउनला दहा यार्ड हवे असले की जवळपास सगळेच पास टाकतात, त्यावरून कोच कळत नाही. फर्स्ट डाउनला त्याच्यावर कसलीच सक्ती नसते, तेव्हा तो काय निवडतो ते बघायचं. माझी नोंद अशी असते: ‘रन, अरुंद बाजू, ३’. ३ म्हणजे मिळालेले यार्ड.

ही अरुंद बाजू म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं. कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्कच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागातल्या छोट्या खुणांच्या, दोन रांगांमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये साडेअठराच. मैदानाची रुंदी १६० फूट. म्हणजे बॉल हॅशवर ठेवला की एका बाजूला ६० फूट जागा आणि दुसऱ्या बाजूला १००. आमचा कोच सारखा त्या ६० फुटांत रन पाठवायचा आणि मी कपाळावर हात मारायचे. तीन मॅचच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या तेव्हा दिसलं, की असे दोन रन झाले की तिसऱ्यांदा तोच रन दाखवून पास मोकळ्या बाजूला जातो. डाव होता तर! मलाच दिसत नव्हता.

दुसरं काम घरी आल्यावर. ज्या निर्णयावर सगळ्यात जास्त ओरडलात, त्याचं गणित मांडा. आम्ही १४ नी मागे होतो, टचडाउन झाला, त्याचे ६ गुण मिळून ८ नी मागे. टचडाउननंतर जी जादा संधी मिळते, तिच्यात किक मारून सरळ एक गुण घ्यायचा, तर याने दोन गुणांसाठी प्रयत्न केला आणि तो फसला. नवरा म्हणाला, ‘हा माणूस वेडा आहे.’ रात्री मी कागद घेऊन बसले. डिफेन्स टिकला, दुसरा टचडाउनही झाला, किक चुकत नाही आणि दोनाचा प्रयत्न निम्म्या वेळा जमतो, असं धरलं. पहिला प्रयत्न जमला तर तूट ६ ची. पुढचा टचडाउन आणि किक, की जिंकलो. फसला तर पुढच्या वेळी पुन्हा दोनासाठी जायचं, जमलं तर बरोबरी. ओव्हरटाइम निम्मा-निम्मा धरून जिंकायची शक्यता साडेबासष्ट टक्के येते. दोन्ही वेळा किक मारली तर पन्नासच. नवऱ्याला अजून पटलेलं नाही.

आता खऱ्या रागाची जागा. डाव आपल्याला न कळणं वेगळं आणि खेळाडूंना न कळणं वेगळं. दुसरा प्रकार ओळखायला प्ले क्लॉक, म्हणजे पुढचा प्ले सुरू करायच्या वेळेचं घड्याळ, बघा. आधीचा प्ले संपला की ४० सेकंद सुरू होतात. २०२४ पासून वरच्या डिव्हिजनमध्ये एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, पण १५ सेकंद उरले की तो बंद होतो. बोर्डावर १५ दिसले की बॉल सोडा, क्वार्टरबॅककडे, म्हणजे मैदानावर चाल चालवणाऱ्या खेळाडूकडे बघा. तो साथीदारांना जागेवर लावत असेल तर ठीक. हात पसरून बेंचकडेच बघत असेल, तर वहीत एक रेघ ओढा. त्या गोंधळापायी टाइमआउट गेला किंवा डिले ऑफ गेमचे, म्हणजे प्ले वेळेत सुरू न केल्याच्या दंडाचे, ५ यार्ड गेले, तर दोन रेघा.

एका मॅचला आमचे दोन टाइमआउट तिसऱ्या क्वार्टरमध्येच असे गेले. हाफला मिळतात तीन. शेवटी आम्ही ४ गुणांनी मागे, बॉल समोरच्या टीमकडे, आणि ते नुसते गुडघा टेकवून घड्याळ संपवत होते. तिसराही टाइमआउट तोवर संपला होता, घड्याळ थांबवायला आमच्याकडे काही उरलंच नव्हतं. त्या दिवसाच्या पानावर ११ रेघा आहेत. इथे गणित मांडत बसू नका, पोटभर ओरडा.

एखादा फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा खेळाडू, चांगला खेळून अचानक बाहेर बसला तर मात्र जरा दमाने घ्या. चार मॅचपर्यंत खेळूनही रेडशर्ट टिकतो, म्हणजे त्याचं खेळायचं वर्ष वाया जात नाही. कोच कदाचित तेच मोजत असेल.

मत बनवायची घाई नको. सुरुवातीच्या एक-दोन मॅच बऱ्याचदा लिंबूटिंबू टीमशी असतात, त्या धरू नका. पाच मॅचनंतर मी फर्स्ट डाउनची पानं चाळली, तर तिथे बराच विचार दिसतो. रेघा मात्र ३१ झाल्यात. म्हणजे डोकं आहे, वेळेत सांगता येत नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मग तेच ओरडू या.’