वडिलांची गाडी, भावांची गाडी : नावावर करताना या चुका टाळा

गाडी वापरतं सगळं घर, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव एकाचं असतं. तो माणूस आहे तोवर कुणी आरसी उघडूनही बघत नाही. तो गेला किंवा भावाभावांत बिनसलं की धावपळ सुरू होते आणि त्या घाईत दर वेळी त्याच चुका होतात.

गेलेल्या माणसाची सही मारणं

यापेक्षा वाईट चूक नाही. फॉर्म 29 आणि 30 हे हयात मालकाने गाडी विकताना भरायचे. मालक गेल्यावर वारसाला लागतो तो फॉर्म 31. तरीही 'जुनी सही बघून मारून टाका, काम आठवड्यात होईल' हा सल्ला सर्रास दिला जातो. मुलंही तो ऐकतात, कारण मग बहिणीची ना हरकत मागायला नको आणि दाखल्यांसाठी थांबायला नको.

पुढे काय होतं ते बघा. थोरल्याने वडिलांची सही करून कार नावावर करून घेतली. वर्षभराने घराच्या वाटणीचा वाद कोर्टात गेला. बहिणीच्या वकिलाने आरटीओतली कागदपत्रं मागवली आणि मृत्यूचा दाखला शेजारी ठेवला. फॉर्मवरची तारीख वडील गेल्यानंतर नऊ दिवसांनी पडलेली. वाद दोन लाखांच्या कारचा होता, तो आता खोट्या सहीचा गुन्हा झाला. थोरल्याच्या बाकीच्या खऱ्या कागदांवरही शंका घेतली जाते ती वेगळीच.

सरळ रस्ता फार लांबचा नाही. मृत्यूनंतर 30 दिवसांच्या आत, मालक वारले आहेत आणि गाडी मी वापरणार आहे, असं आरटीओला लेखी कळवायचं. त्या अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा आणि ती प्रत गाडीतच ठेवायची. मग तीन महिने गाडी वापरता येते आणि त्याच तीन महिन्यांत फॉर्म 31 द्यायचा. सोबत आरसी, मृत्यूचा दाखला, विमा, पीयूसी, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची ना हरकत जोडायची.

ही ना हरकत घेताना दोन माणसं हमखास विसरली जातात. एक म्हणजे लग्न झालेली बहीण. दुसरी आजी, म्हणजे गेलेल्या मालकाची आई. हिंदू वारसा कायद्यात पत्नी आणि मुलामुलींच्या बरोबरीने तीही पहिल्या वर्गाची वारस आहे. ती हयात असेल तर तिची सही किंवा अंगठा आधी घ्या, मग पुढे जा.

आणि वडिलांचं सिम कार्ड घाईने बंद करू नका. ऑनलाइन कामाचा ओटीपी आरसीला जोडलेल्या नंबरवर येतो. आधी तो नंबर बदलून घ्या.

कोरे टीटी फॉर्म (मालकी बदलाचे 29 आणि 30) देऊन गाडी सोडून देणं

'सह्या करून दिल्या, पैसे मिळाले, विषय संपला.' विषय तिथे संपत नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच हातोहात विकलेली गाडी आली होती. अपघात झाला तेव्हा ती दुसऱ्याच्याच ताब्यात होती, तरी भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीतल्या मालकावर टाकली गेली. ई-चलानही त्याच्याच नावाने येत राहतं. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. नव्या आरसीचा फोटो हाती येईपर्यंत विकणाऱ्याने घेणाऱ्याची थोडी रक्कम अडकवून ठेवावी. घेणारा कितीही ओळखीचा असो, कोऱ्या फॉर्मवर सही करूच नये.

दोघांचे पैसे, एकाचं नाव

मोटार वाहन कायद्याच्या कलम 41 नुसार गाडी अनेकांच्या मालकीची असेल, तर सगळ्यांच्या वतीने एकाने अर्ज करायचा आणि या कायद्यापुरता तोच मालक धरला जातो. दुसऱ्या भावाने अर्धे पैसे घातले हे आरसी सांगत नाही. म्हणून पैसे रोख देऊ नका, बँकेतूनच द्या. कुणी किती घातले, विमा आणि चलान कोण भरणार, विकल्यावर वाटा कसा होणार, हे गाडी शोरूममधून निघण्याआधी लिहून सह्या करा. 2021 पासून आरसीवर नॉमिनीही नोंदवता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, तरी नव्या गाडीच्या आनंदात ते राहून जातं.

बारीकसारीक, पण अडवणाऱ्या

विमा वडिलांच्याच नावावर ठेवून गाडी चालवत राहू नका. मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिच्या मुदतीपर्यंत, जे आधी येईल तोवरच चालते.

कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची ना हरकत आणि फॉर्म 35 लागतो. बँकेच्या पत्राला मुदत असते, ते कपाटात ठेवून जुनं करू नका.

फॉर्मसाठी चेसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा, ठसा पेनने काढू नका. रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसा, पातळ कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. मग एकेक अक्षर आरसीशी ताडून बघा. तीन आणि आठमधला घोटाळा खिडकीवर कळला तर त्या दिवसाची रांग वाया जाते.