जुन्या कॅसेटसाठी व्हीसीआर घेताना किंमत आणि बांधणी यांचा मेळ कसा घालावा

कपाटात ठेवलेल्या लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायच्या तर आज व्हीसीआर जुनाच शोधावा लागतो. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवलं आणि नव्या व्हीसीआरचा विषय तिथेच संपला. बाजारात आहे ते सगळं वापरलेलं. त्यामुळे किंमत विकणाऱ्याच्या मनावर. एकाच मॉडेलला एक जण भंगाराचा भाव सांगतो आणि दुसरा ‘अँटिक’ म्हणून पाचपट मागतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे द्यायचे ते टेप ओढणाऱ्या यंत्रणेचे. समोरची बटणं, दिवे, नाव, चकाकी यांना फारशी किंमत देऊ नये. स्वस्तातला व्हीसीआर बिघडला तर दुसरा मिळेल, पण त्याने कॅसेट खाल्ली तर आजीचा आवाज असलेली ती टेप पुन्हा कुठून आणणार?

आधी हिशेब: घ्यायचा की काम बाहेर द्यायचं?

कॅसेट मोजा. समजा बारा आहेत आणि स्टुडिओवाला एका कॅसेटचे ५०० रुपये मागतोय, तर खर्च झाला ६,०००. दुसरीकडे व्हीसीआर ४,०००, सर्व्हिसिंग १,५०० आणि व्हिडिओ संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड १,५०० धरलं तर ७,००० होतात. अशा वेळी बाहेर दिलेलं बरं. पण कॅसेट चाळीस असतील तर गणित उलटतं. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्या गावचा दर विचारून मांडणी करा. सर्व्हिसिंगचा आकडा मात्र कधीही शून्य धरू नका.

याच वेळी तासांचाही अंदाज घ्या. ई-१८० कॅसेट तीन तासांची असते आणि ती उतरवायलाही तीनच तास लागतात, घाई करता येत नाही. पूर्ण भरलेल्या चाळीस कॅसेट म्हणजे १२० तास. इतके तास यंत्र न अडखळता चाललं पाहिजे, आणि बांधणीचा प्रश्न इथेच येतो.

कॅसेट कोणत्या प्रकारच्या आहेत तेही बघून ठेवा. आपल्याकडची रेकॉर्डिंग पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीची. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी या तिथल्या पद्धतीची असणार, तिच्यासाठी दोन्ही पद्धती वाचणारं मल्टिसिस्टिम यंत्र लागेल. आखातातून आणलेल्या व्हीसीआरमध्ये अशी यंत्रं बऱ्याचदा सापडतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या भागात ओळखीत विचारून पाहा. थेट अमेरिकेतून आणलेला व्हीसीआर मात्र नको. तो ११०-१२० व्होल्टवर चालतो आणि सहसा फक्त एनटीएससीच वाचतो. न्यू जर्सीत राहणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी: भारतातून गेलेली लग्नाची कॅसेट तिथल्या साध्या यंत्रावर धड दिसत नाही.

कशाचे पैसे द्यायचे नाहीत

ट्यूनर, टायमर, घड्याळ, चॅनेल साठवण्याची सोय या सगळ्यांचं मोल आज शून्य. तुम्हाला रेकॉर्ड करायचं नाही, फक्त चालवायचं आहे. म्हणून व्हीसीपी, म्हणजे नुसता प्लेअर मिळत असेल तर बिचकू नका. बांधणी चांगली असेल तर तोच फायद्याचा सौदा.

‘फोर हेड आहे साहेब’ असं सांगून भाव वाढवला जातो. हेड म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा बारीक भाग. जादा दोन हेड मुख्यतः एलपी या मंद गतीसाठी आणि स्थिर चित्र स्वच्छ दिसावं म्हणून असतात. लग्नाचे व्हिडिओ बहुधा एसपी या नेहमीच्या गतीवर घेतलेले, त्यांना चांगल्या स्थितीतले दोन हेड पुरतात. हाय-फाय, म्हणजे वेगळ्या हेडने वाचल्या जाणाऱ्या उंची आवाजाचंही तसंच. कॅमेऱ्यावर घेतलेल्या बहुतेक कॅसेटमध्ये आवाज टेपच्या कडेवर साध्या मोनो पट्ट्यात असतो, हाय-फायचे हेड त्याला हातही लावत नाहीत.

एस-व्हीएचएस या व्हीएचएसच्या सुधारित प्रकाराचं मात्र वेगळं. त्यात एस-व्हिडिओची पिन असते, रंग आणि प्रकाशाचे संकेत वेगवेगळे बाहेर येतात आणि उतरवलेलं चित्र जरा स्वच्छ मिळतं. त्यातच टाइम बेस करेक्टर असेल, म्हणजे थरथरणाऱ्या रेषा सरळ करणारं सर्किट, तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. यंत्रणा धड असेल तरच, हे वेगळं सांगायला नको.

कोणत्या काळातलं यंत्र

जेव्हीसीने व्हीएचएस १९७६ साली बाजारात आणलं. त्या पिढीतली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची यंत्रं दणकट होती, ओतीव धातूच्या चौकटीवर उभी केलेली. नव्वदच्या दशकात स्पर्धा वाढली, किमती उतरल्या, आणि धातूच्या जागी पातळ पत्रा आणि प्लॅस्टिकचे गिअर आले.

धातू का हवा, त्याचं कारण टेपवरच्या रेघांत आहे. टेपची रुंदी १२.७ मिलिमीटर. तिच्यावर चित्राच्या तिरक्या रेघा असतात, आणि पालमध्ये एसपी गतीला एक रेघ ४९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेत त्या रेघेवरून हेड फिरवतो. टेपला वाट दाखवणारे खांब जरा जरी कलले तरी हेड रेघ सोडतं आणि पडद्यावर मुंग्या येतात. हे खांब ज्या पायावर उभे आहेत तो पाया लवचीक असेल तर कितीही सेटिंग केलं तरी टिकत नाही.

पण ‘जड म्हणजे मजबूत’ हा नियम आंधळेपणाने लावू नका. जुन्या यंत्राचं बरंचसं वजन ट्रान्सफॉर्मरचं असू शकतं. शिवाय फार जुन्या यंत्रात बेल्ट जास्त, जागोजागी रबर, आणि बाहेर येणाऱ्या पिनाही आजच्या वायरींना जुळतीलच असं नाही. मला स्वतःला १९८०च्या दशकाचा उत्तरार्ध ते १९९०च्या दशकाचा मध्य हा काळ सगळ्यात पसंत आहे. धातूची चौकट अजून शाबूत, बेल्ट कमी, आणि मागे पिवळ्या-पांढऱ्या एव्ही पिना. पॅनासॉनिक, जेव्हीसी यांची त्या काळातली यंत्रं दुरुस्त करणारे हातही अजून सापडतात. मॉडेल ठरवताना हा मुद्दा नावापेक्षा मोठा.

व्हिडिओ पार्लरमध्ये किंवा भाड्याने फिरलेलं यंत्र शक्यतो टाळा. घरात रविवारी एक सिनेमा बघणाऱ्याचा व्हीसीआर वीस वर्षांचा असला तरी त्याचं हेड ताजं असू शकतं.

झाकण उघडून बघा

मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा चोर बाजार, पुण्यात तपकीर गल्ली किंवा जुना बाजार, कुठेही घ्या, झाकण उघडल्याशिवाय भाव ठरवू नका. स्क्रू चार-पाचच असतात. नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नये, इतकं साधं आहे. उघडण्याआधी प्लग काढायचा आणि पॉवर सप्लायच्या भागाला हात लावायचा नाही; प्लग काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

ड्रमच्या उजव्या बाजूला एक काळा रबरी रोलर दिसेल, त्याला पिंच रोलर म्हणतात. टेप पुढे ओढण्याचं काम त्याचं. रबर मऊ आणि मंद काळं असेल तर ठीक. काचेसारखं चकाकत असेल किंवा नखाने दाबलं तरी दबत नसेल तर ते कडक झालंय, आणि कडक रोलर टेप तिरकी ओढतो. कॅसेट खाणाऱ्या यंत्रांत दोष बऱ्याचदा इथेच निघतो. मग बेल्ट बघा: सैल आहेत का, भेगा आहेत का, वितळून डांबरासारखे चिकटलेत का. शेवटी कपॅसिटर, त्यांची डोकी फुगलेली असतील किंवा बुडाशी ओलसर डाग असेल तर खर्च येणार.

धूळ दिसली म्हणून घाबरू नका. आतून चकाचक पुसलेल्या यंत्रापेक्षा धुळीने भरलेलं, पण कुणी स्क्रूड्रायव्हर न लावलेलं यंत्र मी आधी उचलीन. स्क्रूची डोकी झिजलेली असतील तर आत बऱ्याच जणांनी हात घातलाय हे ओळखा.

चालवून बघा, पण लग्नाच्या कॅसेटवर नव्हे

गेली तरी चालेल अशी एखादी सिनेमाची कॅसेट सोबत न्या. ती चार-पाच वेळा आत घाला, बाहेर काढा. कॅसेट सरळ आणि एका दमात गेली पाहिजे. मध्ये अडखळली किंवा कर्रकर्र आवाज आला तर गिअरकडे संशयाने बघायचं. मग प्ले करा.

पूर्ण पडदा मुंग्यांनी भरला आणि आवाज मात्र ठीक असेल तर हेड मळलंय किंवा संपलंय. चित्र आणि मुंग्या एकाआड एक लुकलुकत असतील तर दोनपैकी एक हेड गेलं. मुंग्यांचा आडवा पट्टा एकाच जागी राहत असेल तर ट्रॅकिंग, म्हणजे हेड रेघेवर नीट बसवणारं बटण, फिरवा. तेवढ्याने गेला तर उत्तम, नाही गेला तर खांबांची जागा बिघडली आहे. पडद्याचा वरचा भाग झेंड्यासारखा वाकत असेल तर टेपचा ताण चुकतोय. पुढे-मागे दोन्ही टोकांपर्यंत पळवून बघा. शेवटाजवळ रीळ जड होतं, आणि दमलेला आयडलर, म्हणजे रिळं फिरवणारं चाक, नेमका तिथे मान टाकतो.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, जी फारसं कुणी करत नाही. कॅसेट बाहेर काढा, बाजूची बारीक कळ दाबून पुढचं झापड उचला आणि टेप उजेडात तिरकी धरा. नुकताच चाललेला भाग आरशासारखा सपाट दिसला पाहिजे. कडेला सुरकुती, लाटा किंवा घडी दिसली तर सौदा तिथेच थांबवा. वरच्या कडेवर साधा आवाज असतो आणि खालच्या कडेवर ट्रॅकिंगचा कंट्रोल संकेत. वरची कड चुरगळली तर आवाज जातो, खालची चुरगळली तर चित्र ठरत नाही. चित्र कितीही छान दिसलं तरी कड मोडणारं यंत्र फुकटसुद्धा घेऊ नये.

जमलं तर अर्धा-पाऊण तास चालू ठेवा. थकलेले कपॅसिटर कधी कधी गरम झाल्यावर खरं रूप दाखवतात.

भाव करताना

दोषांची किंमत सारखी नसते. बेल्ट, पिंच रोलर, आयडलरचं रबर आणि हेडची सफाई ही कामं किरकोळ. तेवढी रक्कम सांगितलेल्या भावातून वजा करून बोला. कपॅसिटर बदलणं मधल्या खर्चाचं. झिजलेलं हेड, तुटलेला प्लॅस्टिकचा गिअर, वाकलेला खांब असेल तर नमस्कार करून पुढे जा, कारण सुटा भाग मिळवायला तसंच दुसरं यंत्र फोडावं लागतं.

‘हेड साफ केलं की पिक्चर येईल’ असं सांगितलं तर ‘मग आत्ताच करा’ म्हणा. ते पाच मिनिटांचं काम आहे. ‘चेक केलं नाही, पण चालू असेल’ या वाक्याचा भाव भंगाराचाच. आणि रिमोट हरवला असेल तर ट्रॅकिंग यंत्रावरच्या बटणाने फिरतं का ते बघा. फिरत नसेल तर भाव आणखी उतरवा.

घरी आणल्यावर

हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं मऊ चामडं वापरा. चामडं ड्रमला अलगद टेकवून स्थिर धरायचं आणि ड्रम वरून हाताने हळू फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. कानातल्या काडीचा कापूस तर अजिबात नको, त्याचा धागा हेडमध्ये अडकतो.

आपल्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, टेपवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढुरके ठिपके किंवा पिठासारखा थर दिसला तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. एक बुरसटलेली कॅसेट हेड भरवते आणि बुरशी पुढच्या कॅसेटपर्यंत नेते. ती वेगळी ठेवून सफाई करणाऱ्याकडे द्या. पावसाळ्यात यंत्र थंड खोलीतून दमट खोलीत आणलं तर दोन-तीन तास तसंच राहू द्या. ड्रमवर पाणी धरलं तर टेप त्याला चिकटते. काही यंत्रांवर अशा वेळी ‘ड्यू’ (म्हणजे दव) अशी सूचना येते, ती गेल्याशिवाय प्ले दाबू नका.

सुरुवात कमी महत्त्वाच्या कॅसेटने करा आणि प्रत्येक कॅसेटनंतर कड तपासा. चार-पाच कॅसेट नीट गेल्या की मग लग्नाची लावा. आणि त्याच मॉडेलचं दुसरं बंद यंत्र भंगाराच्या भावात दिसलं तर घेऊन ठेवा. पुढे गिअर तुटला तर तो त्याच्यातूनच मिळेल.