जुनं डायव्ह वॉच घेताय? चकचकीत दिसलं की जरा थांबा

बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात घिरट्या घालणाऱ्यांना आधीच सांगतो, नावात 'सी' म्हणजे समुद्र आहे म्हणून घड्याळ डायव्हर, म्हणजे पाण्यात बुडी मारताना घालायचं घड्याळ, होत नाही. फेव्हर-ल्यूबाचं सी किंग आपल्याकडे ढिगाने मिळतं, झकास चावीचं घड्याळ आहे, पण त्याला ना फिरणारी बेझल (काचेभोवतीची कडी) ना पाण्यात उतरायची तयारी. त्याच कंपनीचं साठच्या दशकातलं बॅथी, जे मनगटावर पाण्याची खोली दाखवायचं, ते वेगळं प्रकरण आणि त्याचे पैसेही वेगळे.

सगळ्यात जास्त लोक गंडतात ते सीकोच्या ६३०९ या डायव्ह वॉचमध्ये. १९७६ पासून पुढे दहा-बारा वर्षं बनलेलं घड्याळ, आणि फोटोत डायल काळंभोर, काटे पांढरेशुभ्र, बेझलवर ओरखडा नाही? अहो, मग ते डायल बहुतेक नंतर बसवलेलं. भिंग लावून ६ च्या खालची बारीक अक्षरं बघा, छपाई जाड किंवा फिसकटलेली असेल तर सरळ सोडून द्या. मागच्या झाकणावरच्या सिरीयलचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरला ओ, एन, डी. म्हणजे ७ आणि मग एन आलं तर नोव्हेंबर १९७७ किंवा १९८७, आणि विकणारा छातीठोकपणे १९८१ सांगत असेल तर झाकण तरी दुसऱ्याचं नाहीतर गोष्ट तरी.

स्विस घड्याळात लूम, म्हणजे डायल-काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग, बघा. डायलच्या तळाशी 'टी स्विस टी' म्हणजे ट्रिटियम, ते साधारण १२ वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे १९७० चं घड्याळ रात्रभर लखलखत असेल तर लूम नवीन भरलंय. ट्रिटियमच्या आधीच्या डायलवर रेडियम असू शकतं, ते किरणोत्सर्गी असतं, घरी उघडून खरवडत बसू नका.

काही गोष्टी मात्र बिघाड नसतातच. ६३०९ ला चावी भरता येत नाही, ते हलवूनच चालू होतं, चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, कंपनीनेच तसं बनवलंय. चावी आत स्क्रू होत नसेल तर मात्र भाव पाडा, ते काम महागात पडतं.

आणि डायलवरचे १५० मीटर विसरा. रबराचे वॉशर कडक झालेले असतात, प्रेशर टेस्ट केल्याशिवाय खडकवासला सोडाच, बेसिनपाशीसुद्धा काढून ठेवा. काचेला आतून वाफ धरली तर तांदळाच्या डब्यात खुपसू नका, तांदळाने गंज थांबत नाही, त्याच दिवशी उघडून घ्या.

दुरुस्तीला देताना 'नवीनसारखं करून द्या' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, पेठेतले काका मनापासून बफ मारून केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बॉडीच्या, सगळ्या कडा गोल करून देतील. "काका, फक्त मशीन साफ करा, वॉशर बदला, पॉलिश नको, डायलला हात नको" एवढं कागदावर लिहूनच द्या, आणि काढलेले जुने पार्ट पुडीत बांधून परत मागा, पुढे विकायला काढलंत तर गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.